खाजेची ट्यूब लावली की आराम पडतो, मग गजकर्ण परत परत का येतं?

यवतमाळ जिल्ह्यातलं मारेगाव. वणीला लागून असलेला तालुका. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. पावसाळ्यात निंदण-डवरणी सुरू असते तेव्हा अंगावरचं कापड सकाळी पावसाने ओलं होतं आणि दुपारी घामाने. पुढे कापूस वेचणी आली की कमरेला कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकून काम. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, ते वेगळंच.

त्वचेवरच्या बुरशीला ऊब लागते, ओल लागते आणि घासणारं घट्ट कापड लागतं. इथं तिन्ही गोष्टी वर्षातले बरेच महिने मिळतात.

मग जांघेत नाहीतर कमरेच्या घडीत खाज सुटते. आधी घामोळ्या वाटतात. आठवड्याभरात लालसर गोल चट्टा उठतो, कडेला बारीक पुरळ, मध्ये बरी झाल्यासारखी दिसणारी त्वचा. जागा अशी की कुणाला दाखवायची लाज वाटते. तालुक्याच्या बाजाराला गेलं की माणूस मेडिकलच्या काउंटरवर हळूच म्हणतो, "भाऊ, खाजेची ट्यूब द्या." भाऊ काही विचारत नाही. चाळीस-पन्नास, फार तर शंभर रुपयांत काम होतं. तीन दिवसांत खाज गायब.

महिन्याभराने तो चट्टा परत येतो. या वेळी तळहाताएवढा. आणि तोवर घरात अजून दोघांना खाज सुटलेली असते.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात हे असंच चालतं आणि शहरातही फार वेगळं नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत या साध्या वाटणाऱ्या आजाराने देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांची झोप उडवली आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरं होणारं गजकर्ण आता महिनोन् महिने हटत नाही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी ही बुरशी काय आहे ते बघावं लागेल.

आपल्याकडे नावं आधीपासून आहेत

मराठीत त्वचेवरच्या बुरशीसाठी चांगले चार-पाच शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. गोल चट्टा, कडेला उठाव आणि भयंकर खाज म्हणजे गजकर्ण किंवा नायटा. पाठीवर, छातीवर, मानेवर पांढुरके किंवा तपकिरी ठिपके, खाज फारशी नाही, म्हणजे शिबं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात त्वचा पांढरी पडून फाटते, भिजते, चिरते, त्या चिखल्या. नावातच चिखल आहे, कारण हा आजार मुळात चिखलात पाय घालून काम करणाऱ्यांचा.

खरूज मात्र यात येत नाही. खरूज हा बुरशीचा आजार नाही, तो एका सूक्ष्म किड्यामुळे होतो आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे. काउंटरवर "खाज" एवढाच शब्द सांगितला की या सगळ्यांना एकच ट्यूब मिळते, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

२०२१ मध्ये कोरोनानंतर ज्या "काळ्या बुरशी"ने, म्हणजे म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात हाहाकार उडवला होता, तिचाही गजकर्णाशी संबंध नाही. ती बुरशी सायनस, डोळा, मेंदू असं आत शिरते आणि जीव घेते. गजकर्णाची बुरशी शरीरात खोल जात नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेला थर, केस आणि नखं, एवढंच तिचं राज्य. तिथं केराटिन नावाचं प्रथिन असतं आणि ते तिचं अन्न. म्हणूनच गजकर्णाने कुणी मरत नाही आणि म्हणूनच त्याकडे कुणी लक्षही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जगातल्या सगळ्यात चिंताजनक १९ बुरशींची यादी काढली, त्यात गजकर्णाची बुरशी नाही.

पण जीव न घेणारा आजार माणसाला किती छळू शकतो, हे ज्याला सहा महिने जांघेत गजकर्ण झालंय त्याला विचारावं. रात्रीची झोप जाते. चारचौघांत खाजवता येत नाही. नवरा-बायकोत अंतर पडतं. मुलीच्या गालावर चट्टा उठला की शाळेत कुणी शेजारी बसत नाही.

ओपीडीत काय दिसतंय?

भारतातल्या मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागांतून या आजारावर गेल्या काही वर्षांत भरपूर लिहिलं गेलंय. त्यातून जे चित्र उभं राहतं ते साधारण सारखंच आहे. सगळ्यात जास्त रुग्ण २० ते ४० या वयातले. पुरुष जास्त. जांघेत आणि अंगावर एकाच वेळी चट्टे असणारे सगळ्यात जास्त. पावसाळ्यात गर्दी वाढते, पण पूर्वीसारखी हिवाळ्यात ओसरत नाही. चेहरा आणि मान या पूर्वी सहसा सुटणाऱ्या जागाही आता सुटत नाहीत. आणि एकटा रुग्ण कमी, घरंच्या घरं जास्त.

अजून एक बदल सूक्ष्मदर्शकाखाली झाला. जुन्या पुस्तकांत भारतातल्या गजकर्णाचं मुख्य कारण म्हणून ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी दिलेली असते. साधारण २०१४ नंतर ती मागे पडत गेली आणि तिच्याच गोतावळ्यातली ट्रायकोफायटॉन मेंटॅग्रोफायटिस गटातली बुरशी पुढे आली. ही जास्त खाज आणते, जास्त पसरते आणि माणसाकडून माणसाकडे पटकन जाते.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हॉस्पिटलच्या ओपीडीत पोहोचणारा रुग्ण हा सुरुवातीचा रुग्ण नसतो. तो आधी मेडिकलवर जाऊन आलेला असतो, शेजाऱ्याची ट्यूब लावून झालेली असते, बहुतेकदा गावातल्या डॉक्टरची आठ दिवसांची गोळीही खाऊन झालेली असते. काहीच जमलं नाही म्हणून तो एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून मोठ्या दवाखान्यात येतो. म्हणजे हॉस्पिटलमध्ये दिसणारं गजकर्ण हे बऱ्याचदा आधीच बिघडवलेलं गजकर्ण असतं. डॉक्टरांना मूळ आजार कमी आणि त्यावर झालेले प्रयोगच जास्त दिसतात.

वॉर्डात भरती असलेल्यांचं चित्र थोडं वेगळं आहे. तिथं गजकर्णापेक्षा कँडिडा नावाची बुरशी जास्त त्रास देते. अंथरुणाला खिळलेला माणूस, मधुमेह, जाडेपणा, डायपर, बरेच दिवस चाललेली अँटिबायोटिक्स, यातलं काहीही असलं की काखेत, स्तनांखाली, जांघेत त्वचा लालभडक आणि ओली होते, आजूबाजूला बारीक फोड दिसतात. गोल कडा नसते. मधुमेह असलेल्याला हे वारंवार होत असेल तर मलम बदलण्याआधी साखर तपासणं जास्त गरजेचं असतं.

५०० रुग्ण आणि एक गोळी

गजकर्णाचं हुकमी औषध म्हणजे टर्बिनाफिन. हे औषध बुरशीच्या एका विशिष्ट एन्झाइमवर बसतं. त्या एन्झाइमशिवाय बुरशीला आपल्या पेशीचं पटल शाबूत ठेवायला लागणारा एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ बनवता येत नाही. पटल गळायला लागतं, बुरशी मरते. माणसाच्या पेशीत एर्गोस्टेरॉल नसतो, त्यामुळे आपल्याला धक्का कमी. नव्वदच्या दशकापासून जगभरात हे औषध चालत आलंय. दोन ते चार आठवडे, बस.

मग वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ५०० रुग्णांना वजनाच्या हिशोबाने टर्बिनाफिनची गोळी दिली आणि आठ आठवडे पाठपुरावा केला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आठ आठवड्यांनी बरे झालेले रुग्ण होते ३०.६ टक्के. म्हणजे दहातले सात जण दोन महिने गोळी खाऊनही पूर्ण बरे झाले नव्हते.

त्यांनी पुढे २०० रुग्णांचे चार गट करून चार औषधांची तुलना केली. हे निष्कर्ष २०२० मध्ये आले. आठ आठवड्यांनी इट्राकोनॅझोल घेणारे ६६ टक्के बरे झाले, फ्लुकोनॅझोल घेणारे ४२ टक्के, टर्बिनाफिन घेणारे २८ टक्के आणि जुनं ग्रिसिओफुल्विन घेणारे १४ टक्के. चौघांत पहिला आलेल्या औषधानेही तिघांतला एक जण तसाच राहिला.

कारण बुरशीच्या जनुकात सापडलं. टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर बसतं त्याचा आकार जनुकातल्या एका छोट्या बदलामुळे किंचित बदलला होता. कुलूप बदललं, किल्ली जुनीच राहिली. इट्राकोनॅझोल वेगळ्या कुलपावर काम करतं, म्हणून ते अजून चालतंय. ते किती दिवस चालेल, हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांना आत्तापासूनच सतावतोय.

आता त्या ट्यूबबद्दल

काउंटरवरून मिळणाऱ्या त्या ट्यूबमध्ये असतं तरी काय? अशा मलमांच्या मागे बारीक अक्षरात साधारण हे लिहिलेलं सापडतं : क्लोबेटासॉल, ऑफ्लोक्सासिन, ऑर्निडॅझोल, टर्बिनाफिन. कधी यातलं एखादं बदलून निओमायसिन किंवा मायकोनॅझोल येतं. म्हणजे एक जोरदार स्टेरॉइड, एक-दोन अँटिबायोटिक आणि एक बुरशीनाशक. दुखणं कुठलंही असो, चारपैकी एक तरी लागू पडेल, असा हिशोब.

क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात ताकदवान औषधांपैकी एक. सोरायसिससारख्या आजारात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या दिवसांसाठी ते वरदान आहे. गजकर्णावर मात्र त्याचा परिणाम फसवा असतो. खाज आणि लाली ही खरं तर शरीराची प्रतिक्रिया असते, बुरशीशी चाललेल्या लढाईची खूण. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. खाज जाते, लाली जाते, माणूस खूश. आणि बुरशीला रान मोकळं.

दोन आठवड्यांनी ट्यूब संपते. दबलेली खाज दुप्पट वेगाने उसळते. माणसाला वाटतं ट्यूब बंद केली म्हणून आजार आला, म्हणून तो तीच ट्यूब पुन्हा आणतो. असं वर्षभर चालू शकतं.

ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ मध्येच याला नाव दिलं होतं, टिनिया इनकॉग्निटो. टिनिया म्हणजे गजकर्ण आणि इनकॉग्निटो म्हणजे वेषांतर केलेलं. स्टेरॉइडमुळे गजकर्णाची ती ओळखीची गोल कडा पुसली जाते आणि डॉक्टरही फसतात. भारतात अलीकडे अजून एक प्रकार दिसतो : वर्तुळात वर्तुळ, त्यात अजून एक वर्तुळ. ट्यूब लावली की चट्टा दबतो, सोडली की नवी कड उठते, असं करत करत झाडाच्या खोडासारखी वलयं तयार होतात.

बुरशी राहते ती राहतेच, वर त्वचा पातळ होते. जांघेत आणि काखेत गरोदरपणात पोटावर येतात तसे पांढरे-जांभळे चरे पडतात, आणि ते कायमचे असतात. वयात येणाऱ्या पोरांच्या मांड्यांवर असे चरे बघून आई-बाप घाबरून जातात, गजकर्ण राहिलं बाजूला.

स्टेरॉइड मलमांचा हा खेळ फक्त गजकर्णापुरता नाही. २०११ मध्ये देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी छापून आली. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि अर्ध्याहून जास्त लोकांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. कुणी मैत्रीण, कुणी पार्लरवाली, कुणी मेडिकलवाला.

मग सरकार काय करत होतं? शेड्युल एच नावाची यादी आहे, त्यातलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. स्टेरॉइड त्या यादीत होतंच. पण त्वचेवर लावायच्या औषधांना सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांची ही सूट काढली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने ३२८ एकत्रित औषधांवर बंदी घातली, त्यात अशी काही मलमंही होती. कागदावर प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण चिठ्ठीशिवाय ट्यूब देणं बंद झालंय का, हे तपासायला कुठल्याही मेडिकलपर्यंत चालत जाणं पुरेसं आहे.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बुरशी औषधाला निर्ढावली ती फक्त या ट्यूबमुळे, असं कुणी संशोधक छातीठोकपणे म्हणत नाही. अर्धवट सोडलेले गोळ्यांचे कोर्स, दमट हवा, घट्ट कपडे, दाटीवाटीची घरं, असं बरंच काही त्यात मिसळलंय. पण स्टेरॉइडच्या आडोशाला जगलेली बुरशी आणि तिच्यावर रोज थोडं थोडं पडणारं टर्बिनाफिन, ही जोडी निर्ढावण्यासाठी फारच सोयीची आहे, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

नाव भारताचं, रुग्ण न्यूयॉर्कचे

२०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेली, टर्बिनाफिनला दाद न देणारी ही बुरशी वेगळी प्रजाती म्हणून जाहीर केली. नाव दिलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. "इंडो" म्हणजे आपणच. नव्या आजारांना देशांची, गावांची नावं देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलेलं आहे, त्यामुळे हे नाव अनेकांना खटकलं. नाव मात्र रुळलं.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांची नोंद प्रसिद्ध केली. एकीला बांगलादेशात असताना चट्टे उठले होते. दुसरी २८ वर्षांची, कधीतच परदेशात गेलेली नव्हती. दोघींनाही टर्बिनाफिन लागू पडलं नाही. दुसरीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ होता : ही बुरशी आता तिथल्या तिथे पसरायला लागली होती. ती इट्राकोनॅझोलने बरी झाली. अमेरिकेत दोन रुग्ण सापडल्यावर जगभर बातम्या झाल्या. आपल्याकडे तेवढे रुग्ण एका घरात सापडतात.

तरोटा आणि गोवा पावडर

काउंटरवरच्या ट्यूबआधी लोक काय करायचे? पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारा टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, त्याची कोवळी पानं भाजीला आणि बिया गजकर्णावर. संस्कृतात त्याचं एक नाव दद्रुघ्न आहे, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. बियांमधल्या घटकांचा बुरशीवर परिणाम होतो हे प्रयोगशाळेत दिसलंही आहे, पण प्रयोगशाळेतली बशी आणि माणसाची जांघ यात फरक असतो. आजच्या निर्ढावलेल्या बुरशीवर तरोट्याचा लेप लावून वाट बघणं म्हणजे तिला अजून दोन महिने देणं.

याहून मजेशीर गोष्ट गोव्याची. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर "गोवा पावडर" नावाची भुकटी मुंबईपासून पूर्वेकडच्या बंदरांपर्यंत विकली जायची. ती बनते कशी हे गुपित होतं. १८७० च्या दशकात उलगडा झाला की ती गोव्याची नाहीच, ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघते आणि पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात येते. त्वचा भाजायची, कपड्यांवर डाग पडायचे, पण लोक लावायचे. त्याच पावडरीच्या अभ्यासातून पुढे डिथ्रॅनॉल हे सोरायसिसचं औषध निघालं.

मारेगावच्या माणसाने जायचं कुठं?

तालुक्याच्या ठिकाणचं ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटांचं. या पातळीच्या रुग्णालयात कोणते तज्ज्ञ असावेत याचे राष्ट्रीय निकष आहेत. त्यात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग, भूलतज्ज्ञ येतात. त्वचारोगतज्ज्ञ येत नाही. म्हणजे नेमणूक रखडलेली असणं ही पुढची गोष्ट, मुळात पदच गृहीत धरलेलं नाही. त्वचेचा स्वतंत्र विभाग हवा तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. कुठेही जा, दिवस जातो. आणि गजकर्णासाठी एकदा जाऊन भागत नाही.

म्हणून मेडिकलवाल्याला एकट्याला शिव्या घालून उपयोग नाही. लाज वाटणारा आजार, शेतीच्या हंगामात वेळ नाही, तज्ज्ञ दूर, आणि समोर तीन दिवसांत आराम देणारी शंभर रुपयांची ट्यूब. कुणीही तीच घेईल.

मधला मार्ग आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एमबीबीएस डॉक्टरला साधं गजकर्ण ओळखता येतं आणि उपचार सुरू करता येतात. अडलं तर ई-संजीवनी या सरकारच्या मोफत सेवेतून तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलता येतं. त्वचेचा आजार डोळ्यांनी बघून बराचसा कळतो, त्यामुळे ही सोय इथं इतर आजारांपेक्षा जास्त कामाची आहे. शंका असेल तर केओएच तपासणी होते. चट्ट्याच्या कडेची खपली खरवडायची, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघायचं. स्वस्त आहे, थोड्या वेळात होते.

तपासणी का महत्त्वाची? जानेवारी २०२५ मधली बुलढाण्याची घटना आठवत असेल. शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस झपाट्याने गळायला लागले, टक्कल पडायला लागलं. सुरुवातीला चर्चा बुरशीची होती. पुढे आयसीएमआरचं पथक आलं, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्वचेवर काही दिसलं की "बुरशी असेल" म्हणणं सोपं असतं.

तोवर काय करायचं?

घरात ट्यूब असेल तर उलटी करून मागची नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड आहे आणि गजकर्णाला लावायचं नाही. शेवट बहुधा "सोन" किंवा "सॉल" असतो, पण "अझोल" म्हणजे बुरशीनाशक, तो वेगळा. बरेच दिवस लावलेलं स्टेरॉइड बंद केलं की पहिले आठ-दहा दिवस खाज वाढते. डॉक्टर त्यासाठी खाजेची गोळी देतात. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरून ट्यूबकडे परत वळत नाही.

बुरशीनाशक मलम फक्त चट्ट्यावर लावून चालत नाही. कडेच्या बाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावायचं, कारण बुरशी तिथं आधीच पोहोचलेली असते. गोळी आणि मलम डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, चट्टा दिसेनासा झाल्यावरही सहसा अजून दोन आठवडे. इट्राकोनॅझोल स्वतःच्या मनाने घ्यायची गोळी नाही. हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असेल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

आणि कपडे. बुरशीचे कण टॉवेल, चादर, अंतर्वस्त्रांत महिनोन् महिने टिकतात. रुग्णाचे कपडे वेगळे, शक्य तर गरम पाण्यात धुवायचे आणि उलटे करून उन्हात वाळवायचे. इथं एक अडचण असते जी डॉक्टरांच्या चिठ्ठीत येत नाही : बायकांची आतली कापडं बऱ्याच घरांत आजही उन्हात टाकली जात नाहीत. न्हाणीच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, सावलीत वाळतात, आणि ओलसरच अंगात चढतात. पुरुषांचं तसंच करदोड्याचं. कमरेचा तो काळा दोरा वर्षानुवर्षं घामात भिजतो आणि बरोबर त्याच रेषेत गजकर्ण फिरतं. उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवायला डॉक्टर सांगतात, म्हातारी माणसं ऐकत नाहीत. निदान नवा तरी बांधावा.

घरात अजून कुणाला खाज असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी. नाहीतर नवरा बरा होतो तोवर बायकोला, बायको बरी होते तोवर पोराला, आणि पोराकडून परत नवऱ्याला, असा फेरा चालू राहतो.

चट्टा गेल्यावर त्या जागी काळसर डाग राहतो. तो काही महिने दिसतो आणि हळूहळू फिकट होतो. डाग सपाट असेल, खाज नसेल आणि खपली निघत नसेल तर ती बुरशी नाही. त्यावर कुठलीच ट्यूब लावायची गरज नसते.